विंडोज ११ टाकल्यावर फाईल न उघडता दिसेना? आधी दुखणं कोणतं ते ओळखा

"ताई, परत दिसायलंच नाही बघा."

माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोरानं हे वाक्य २०२५ च्या दिवाळीच्या आठवड्यात पहिल्यांदा म्हटलं आणि पुढचा महिनाभर जवळपास रोज म्हटलं. एक फाईल नीट केली की ती नीट राहायची, पण दुसऱ्या दिवशी आलेल्या नव्या फाईलीचं तेच. मी दोन दिवस चुकीच्या जागी शोधत होते. गावोगावच्या झेरॉक्सवाल्यांना, सेवा केंद्रवाल्यांना, शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या क्लार्कना हेच होत असणार, म्हणून जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते.

आमचं केंद्र सेलूत आहे, परभणी जिल्ह्यात. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पीकविम्याचे आणि दाखल्यांचे अर्ज, स्कॅनिंग. दोन कॉम्प्युटर, दोन्हीवर विंडोज १० होतं. मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. आमच्या मशीनवर लोकांची आधार कार्डं, पासबुकं, जमिनीचे कागद येतात. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या मशीनवर ते ठेवणं मला पटेना, म्हणून त्याच आठवड्यात दोन्हीवर विंडोज ११ घेतलं. एकावर जुन्यावरूनच अपग्रेड केलं, दुसऱ्यावर मेकॅनिकनं सगळं पुसून नव्यानं टाकलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फाईल न उघडता दिसणं याला आमच्या धंद्यात किती किंमत आहे, ते एका उदाहरणानं सांगते. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरबाबतचा, म्हणजे जुन्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याबाबतचा, शासन निर्णय निघाल्यापासून निजामाच्या काळातल्या नोंदींचे स्कॅन पेनड्राइव्हवर घेऊन येणारे लोक वाढलेत. कुणाकडे मोडीतली पानं, कुणाकडे उर्दूतली. एका फोल्डरमध्ये दीड-दोनशे चित्रं आणि फाईलीचं नाव म्हणजे नुसते आकडे. आजोबांना मोडी वाचता येत नाही, पण त्यांनी तो कागद आधी पाहिलेला असतो. ते माझ्या खुर्चीमागं उभं राहून स्क्रीनवर नजर फिरवतात आणि म्हणतात, "ते बघ, कोपरा फाटल्यालं हाय ना, तेच." बारीक चित्रं समोर असली की हे काम दोन मिनिटांचं. ती नसली की दोनशे फाईली एकेक उघडायच्या आणि बंद करायच्या, तेही मागं रांग लागलेली असताना.

म्हणून हे परत मिळवणं भागच होतं.

आधी नीट बघा, मग हात लावा

"दिसत नाही" ही एकच तक्रार वाटते, पण तिच्या पोटात निदान चार वेगवेगळी दुखणी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. माझे दोन दिवस इथंच गेले.

दोन सोयींमधला फरक पहिल्यांदा मनात पक्का करा. फोल्डरमध्ये प्रत्येक फाईलीच्या जागी जे छोटं चित्र दिसतं ते थंबनेल. फाईलीवर एकदा क्लिक केल्यावर उजव्या बाजूच्या पट्टीत तिचं पान मोठं दिसतं, ते प्रिव्ह्यू. ती पट्टी म्हणजे प्रिव्ह्यू पेन. दोन्हींची यंत्रणा वेगळी आहे. एक बिघडली तरी दुसरी चालू राहू शकते.

आता स्वतःला विचारा. थंबनेल गेलंय की पट्टीतलं पान? सगळ्याच फाईलींचं गेलंय की ठरावीक प्रकारच्या? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे, ही फाईल आली कुठून? स्वतः स्कॅन केलेली, पेनड्राइव्हवरून घेतलेली, की इंटरनेटवरून उतरवलेली? हा तिसरा प्रश्न मी स्वतःला पहिल्याच दिवशी विचारला असता, तर निम्मं काम तिथंच झालं असतं.

सगळीच बारीक चित्रं गायब असतील तर

फोटोच्या जागी फोटो न दिसता नुसतं प्रोग्रामचं चिन्ह दिसत असेल, तर आधी मांडणी तपासा. फोल्डर लिस्ट किंवा डिटेल्स प्रकारात उघडला असेल, तर थंबनेल दिसणारच नाहीत. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून २ दाबा, मोठ्या आयकॉनची मांडणी येते. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं तरी आकार लहान-मोठा होतो.

तरीही चिन्हंच दिसत असतील, तर फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून ऑप्शन्स उघडा. त्यातल्या व्ह्यू टॅबमध्ये 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' अशी ओळ आहे. तिच्यापुढची खूण काढा आणि ॲप्लाय करा.

आमच्या नव्यानं टाकलेल्या मशीनवर हीच खूण लावलेली निघाली. मेकॅनिकनं मशीन पळावं म्हणून परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडलं होतं. ते निवडलं की तिथली 'शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स' ही खूणही उडते. जुन्या मशीनवर नवं विंडोज टाकून देणारे बरेच जण असं करतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. तुम्हाला तेच सेटिंग ठेवायचं असेल तर ठेवा, फक्त त्या यादीत खाली जाऊन थंबनेलची एवढी एक खूण परत लावून घ्या. बाकीची सजावट बंद राहिली तरी आपल्या कामाचं काही अडत नाही.

खूण बरोबर असूनही चित्रं चुकीची, काळी किंवा अर्धवट दिसत असतील, तर विंडोजनं साठवून ठेवलेली जुनी चित्रं खराब झालेली असतात. डिस्क क्लीनअप उघडा, सी ड्राइव्ह निवडा, फक्त थंबनेल्सपुढे खूण ठेवून बाकीच्या काढा आणि साफ करा. 'डाउनलोड्स' अशी ओळ तिथं दिसलीच तर तिच्यावर चुकूनही खूण ठेवू नका, सगळी उतरवलेली कागदपत्रं जातील. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि विंडोज एक्सप्लोररवर राईट क्लिक करून रीस्टार्ट द्या. मशीनला जुनी हार्ड डिस्क असेल तर मोठ्या फोल्डरची चित्रं पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. तेवढं थांबा. दर आठवड्याला सफाईचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांची चित्रं दर आठवड्याला पुसली जातात आणि फोल्डर दर वेळी नव्यानं रखडतो. ते सॉफ्टवेअर काढून टाकलेलं बरं.

खरी पुन्हा पुन्हा येणारी अडचण: उतरवलेल्या फाईलीवरचा शिक्का

आता मूळ दुखण्याकडे येते. आमच्या अपग्रेड केलेल्या मशीनवर थंबनेल व्यवस्थित होती. प्रिव्ह्यू पट्टीही उघडी होती. स्वतः स्कॅन केलेली पीडीएफ त्यात झकास दिसायची. पण अतिवृष्टीच्या मदतीच्या गावनिहाय याद्या, शाळेच्या ईमेलवर आलेल्या प्रश्नपत्रिका, क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब उघडून उतरवलेले कागद यांच्यावर क्लिक केलं की पट्टीत पानाऐवजी इंग्रजीत एक सूचना यायची. ही फाईल तुमच्या कॉम्प्युटरला धोका पोचवू शकते, फाईलीवर आणि ती पाठवणाऱ्यावर विश्वास असेल तर ती उघडून पाहा, असा तिचा अर्थ.

पोराला वाटलं व्हायरस आला. मला वाटलं अपग्रेड अर्धवट झालं. दोघांचंही चुकलं होतं.

एक गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. गल्लीतल्या एका ओळखीच्या शिक्षकांच्या लॅपटॉपवर दोन वर्षांपासून विंडोज ११ होतं, त्यांनी काहीही अपग्रेड केलेलं नव्हतं, आणि त्यांच्याकडेही त्याच महिन्यात हे सुरू झालं. म्हणजे दोष दहावरून अकरावर जाण्यात नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि त्यानंतर आलेल्या सुरक्षा अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं जाणूनबुजून हा बदल केलाय. इंटरनेटवरून आलेल्या फाईलीचा प्रिव्ह्यू फाईल एक्सप्लोरर आता आपोआप बंद ठेवतो. विंडोज १० चा आधार संपण्याचा आणि हा बदल येण्याचा दिवस एकच पडला. म्हणून त्या आठवड्यात ज्यांनी अपग्रेड केलं, त्या सगळ्यांनी दोष अपग्रेडला दिला.

याच्या मागचं कारण समजून घेतलं की राग येत नाही. काही फाईलींच्या आत बाहेरच्या एखाद्या जागेचा पत्ता लपवता येतो. आपण ती फाईल न उघडता नुसती प्रिव्ह्यूत पाहिली, तरी विंडोज तो पत्ता गाठायला जाऊ शकतं आणि जाताना आपल्या पासवर्डपासून बनवलेली ओळखखूण तिकडे देऊन बसू शकतं. ती खूण ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्ड शोधून काढायचा किंवा आपल्या नावानं आत शिरायचा प्रयत्न करता येतो. नुसतं क्लिक केल्यानं हे घडू नये म्हणून दार बंद केलंय.

विंडोजला कसं कळतं की फाईल बाहेरून आली? क्रोम, एज, फायरफॉक्स यांनी फाईल उतरवली की तिच्यासोबत एक बारीक नोंद चिकटवली जाते. आपल्याला ती दिसत नाही. मी पोराला समजावताना तिला 'जकातीचा शिक्का' म्हणाले आणि आता आमच्याकडे तेच नाव रूढ झालंय. शिक्का फाईलीबरोबर राहतो. फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली, नाव बदललं, तरी जात नाही. प्रत्येक नवी उतरवलेली फाईल स्वतःचा नवा शिक्का घेऊन येते. "परत दिसायलंच नाही" यातल्या "परत"चं उत्तर हे आहे.

शिक्का काढायची रीत सोपी आहे. फाईलीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जनरल टॅबमध्ये अगदी तळाशी सिक्युरिटी असं लिहिलेलं दिसेल आणि पुढे अनब्लॉक नावाची चौकट. तिच्यात खूण करा, ॲप्लाय आणि ओके. अनब्लॉक ही चौकटच दिसली नाही, तर त्या फाईलीवर शिक्का नाही आणि तुमचं दुखणं दुसरं आहे. निदानासाठीही ही जागा फार कामाची आहे. काही वेळा खूण करूनही प्रिव्ह्यू लगेच येत नाही. मशीनमधून साइन आउट करून पुन्हा आत आलं की येतो.

एकावेळी पाच-दहा फाईली निवडून प्रॉपर्टीज उघडल्या तर ही चौकट मिळत नाही. फाईली जास्त असतील तर त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, मोकळ्या जागी राईट क्लिक करून 'ओपन इन टर्मिनल' निवडा आणि इंग्रजी अक्षरांत ही आज्ञा टाइप करा: डी, आय, आर ही तीन अक्षरं, एक जागा, उभी रेघ, पुन्हा एक जागा, आणि मग अनब्लॉक, आडवी जोडरेघ, फाईल हे सलग. उभी रेघ एंटरच्या वरच्या बटणावर शिफ्ट दाबून मिळते. एंटर दाबलं की त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींचे शिक्के निघतात. काही लिहून आलं नाही म्हणजे काम झालं असं समजा.

हे सगळ्या मशीनवर कायमचं बंद करायचे उपायही लोक एकमेकांना सांगतात. उतरवलेल्या फाईलीवर शिक्काच बसू नये असं सेटिंग करता येतं. मी ते केलं नाही आणि तुम्हीही करू नका असं मनापासून सांगते. घरच्या लॅपटॉपवर फार तर आपलंच नुकसान होईल. केंद्राच्या मशीनवर आठशे जणांचे आधार आणि पासबुक असतात. त्यांनी कागद आपल्या हातात विश्वासानं दिलेले असतात.

त्याऐवजी आम्ही एक शिस्त लावली आणि महिनाभराचा त्रास तिथं थांबला. डेस्कटॉपवर दोन फोल्डर केले, 'आलेलं' आणि 'पाहिलेलं'. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची जागा 'आलेलं' अशी ठेवली. गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्यानंच आपल्या ईमेलवरून फाईल दिलीय किंवा सरकारी संकेतस्थळावरून आम्हीच यादी उतरवलीय, अशी खात्री झाली की फाईल 'पाहिलेलं'मध्ये जाते. दुपारी जेवायच्या आधी आणि संध्याकाळी, असं दोनदा पोरगा त्या फोल्डरवर वरची आज्ञा चालवतो. अनोळखी नंबरवरून आलेलं काहीही 'आलेलं'मध्येच राहतं आणि शिक्क्यासकट राहतं.

झिप आणि पेनड्राइव्हचं कोडं

एका शाळेनं वार्षिक परीक्षेच्या पीडीएफ झिप करून पाठवल्या. झिप सोडवल्यावर आतल्या सगळ्या फाईलींना शिक्का लागलेला. विंडोजच्या स्वतःच्या सोयीनं झिप सोडवली की तिच्यावरचा शिक्का आतल्या फाईलींवर उतरतो. म्हणून झिप सोडवायच्या आधीच तिच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक करा. एकदाच करावं लागतं.

पेनड्राइव्हचं मात्र उलटं दिसलं आणि त्यानं मला बरंच गोंधळात टाकलं. तीच यादी ईमेलवरून उतरवली की दिसत नव्हती, तेच गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर घेऊन आलं की दिसत होती. कारण असं की हा शिक्का एनटीएफएस प्रकारच्या, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या, डिस्कवरच टिकतो. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट ३२ किंवा एक्सफॅट प्रकारचे असतात, त्यांच्यावर कॉपी होताना शिक्का गळून पडतो. याचा अर्थ पेनड्राइव्हवरची फाईल जास्त सुरक्षित असते असा अजिबात नाही. आमच्याकडचे पेनड्राइव्ह दहा दुकानं फिरून आलेले असतात. आधी स्कॅन करा, मगच फाईल घ्या.

दोन कॉम्प्युटर जोडलेले असतील तर

आमच्याकडे स्कॅनर पहिल्या मशीनला आहे आणि फोल्डर दुसऱ्या मशीनवरून शेअरनं उघडतो. तिथल्या फाईली आम्हीच स्कॅन केलेल्या, इंटरनेटशी काही संबंध नाही, तरी दुसऱ्या मशीनवर तीच धोक्याची सूचना यायची. शोधल्यावर कळलं की आम्ही शेअर केलेला फोल्डर आयपी क्रमांकानं उघडत होतो. टिंबं असलेला असा पत्ता विंडोज बाहेरच्या जगातला समजू शकतं. कॉम्प्युटरच्या नावानं फोल्डर उघडला आणि अडचण गेली. नावानं जमत नसेल तर कंट्रोल पॅनलमधून इंटरनेट ऑप्शन्स उघडा, सिक्युरिटी टॅबमध्ये लोकल इंट्रानेट निवडून साइट्समध्ये त्या मशीनचा पत्ता घाला. त्यानंतर त्या जागेवरच्या सगळ्याच फाईलींवर विंडोज विश्वास ठेवील, तेव्हा फक्त स्वतःच्या दुकानातल्या मशीनसाठीच हे करा.

फक्त आयफोनचे फोटो दिसत नसतील तर

वालूरच्या चक्राकार बारवेवर प्रकल्प करणारी एक कॉलेजची पोरगी भावाच्या आयफोनवर काढलेले फोटो घेऊन आली. बाकीचे फोटो दिसतात, हेच दिसत नाहीत. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. विंडोजला त्यासाठी दोन जोड, म्हणजे वरून बसवायचे छोटे प्रोग्राम, लागतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' मोफत मिळतं, आणि सोबत 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स' लागतं, त्याला थोडे पैसे पडतात. अपग्रेड केलेल्या मशीनवर आमचे दोन्ही जोड शाबूत राहिले. पुसून नव्यानं टाकलेल्या मशीनवर ते गेले होते. सुरुवातीला म्हटलं ना हा फरक कामाला येईल, तो इथं.

पैसे घालायचे नसतील तर फोनवरच उपाय आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथं 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीजी प्रकारात निघतात. आधी काढलेले मात्र आहेत तसेच राहतात. ते केबलनं कॉम्प्युटरवर घेणार असाल, तर फोटोजच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी'ला ऑटोमॅटिक ठेवा.

ढगाचं चिन्ह

फाईलीच्या नावाजवळ निळा ढग दिसतोय का बघा. नवं विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत गेलात, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या जागेत, गेलेले असू शकतात. ढग असलेली फाईल तुमच्या मशीनवर नसते, ती इंटरनेटवर असते. आपल्याकडे लाईट गेली की नेटही जातं, मग प्रिव्ह्यू कुठून येणार? लागणाऱ्या फोल्डरवर राईट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. मोफत जागा ५ जीबीच असते. स्कॅनचं काम करणाऱ्यानं वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरचा बॅकअप थांबवावा आणि आपल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप ठेवावा, असं माझं मत आहे.

ओळखीची मांडणी परत आणायची असेल तर

या बारीकसारीक गोष्टी आहेत, पण हाताला सवय असते. प्रिव्ह्यू पट्टी उघडायला-मिटायला ऑल्ट आणि पी. विंडोज आणि ई दाबल्यावर होम उघडतं, ते नको असेल तर ऑप्शन्समध्ये 'ओपन फाईल एक्सप्लोरर टू' इथं धिस पीसी निवडा. ओळींमध्ये फार मोकळी जागा वाटत असेल तर व्ह्यूमध्ये कॉम्पॅक्ट व्ह्यू आहे. डाउनलोड्समध्ये 'काल', 'मागच्या आठवड्यात' असे गट पडलेले असतील, तर मोकळ्या जागी राईट क्लिक करून ग्रुप बायमध्ये नन निवडा. राईट क्लिकचा जुना लांब मेन्यू हवा असेल तर शिफ्ट दाबून राईट क्लिक करा. फाईलीचं आडनाव, म्हणजे पीडीएफ आहे की आणखी काही, ते दिसण्यासाठी व्ह्यू, शो आणि तिथं फाईल नेम एक्स्टेन्शन्स. हे शेवटचं सगळ्यांनीच चालू ठेवावं. पीडीएफचं चिन्ह लावून आलेली फाईल खरं तर चालणारा प्रोग्राम असेल, तर तो इथंच पकडला जातो.

पीडीएफ फाईलींचं नुसतं थंबनेल दिसत नसेल तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रेफरन्सेसमध्ये जनरल इथं 'एनेबल पीडीएफ थंबनेल प्रिव्ह्यूज इन विंडोज एक्सप्लोरर' अशी खूण आहे, ती लावा. थोडा वेळ जातो, मग पहिलं पान चित्रात दिसायला लागतं.

एवढं करूनही मन रमत नसेल आणि अपग्रेड करून दहा दिवस झाले नसतील, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथं 'गो बॅक' आहे. पण विंडोज १० वर परतलात तर ग्राहकांसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवा. ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

जुनी कोरल आणि पेजमेकरची फाईल

आमच्याकडे कोरलड्रॉ आणि पेजमेकर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या पत्रिकांच्या शेकडो जुन्या फाईली आहेत. कोरलड्रॉ फाईलीचं थंबनेल विंडोज स्वतः बनवत नाही, कोरलनं बसवलेला जोड बनवतो. नव्या विंडोजवर तो चालेना झाला तर ॲप्सच्या यादीतून कोरलला रिपेअर द्या. आमच्या एका आवृत्तीचं त्यानं जमलं, दुसऱ्या फार जुन्या आवृत्तीचं जमलं नाही. पेजमेकरची तर नवी आवृत्ती कित्येक वर्षांत निघालेलीच नाही, तिच्याकडून काय अपेक्षा करायची. म्हणून आता कुठलीही पत्रिका छापायला गेली की पोरगा त्याच नावाचं एक जेपीजी त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. जुन्या फाईलींचंही रिकाम्या दुपारी थोडं थोडं करतो, आत्तापर्यंत २०१९ पर्यंत मागं गेलाय. परवा एक मावशी आल्या, म्हणाल्या, "आमच्या थोरल्याची पत्रिका होती ना, मोर असल्याली, तसलीच धाकट्याची करायची हाय." फोल्डर उघडला, चौथ्या ओळीत मोर होता.